चालक प्रथिने (पेशीतील वाहतूक)

पेशीच्या आत पुटिका, तंतुकणिका, आरएनए, प्रथिनांचे पुंजके असा माल ठरावीक जागी वाहून नेणारी प्रथिने. एटीपीच्या विघटनातून मिळणाऱ्या ऊर्जेवर ती पेशीकंकालाच्या तंतूंवरून अक्षरशः पावले टाकत चालतात. त्यांची कुळे तीन : मायोसिन, कायनेसिन आणि डायनीन. मायोसिन ॲक्टिनच्या तंतूंवर काम करते आणि स्नायूंच्या आकुंचनामुळे ते अधिक परिचित आहे. प्राणिपेशींतील लांब पल्ल्याची वाहतूक मुख्यतः उरलेली दोन कुळे करतात.

जीवाणूसारख्या लहान पेशीचे काम बऱ्याच अंशी रेणूंच्या आपोआप पसरण्यावर, म्हणजे विसरणावर भागते. मोठ्या पेशीचे भागत नाही, कारण विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. माणसाच्या पाठीच्या कण्यापासून पावलापर्यंत जाणारा चेतापेशीचा अक्षतंतू सुमारे एक मीटर लांब असतो, आणि त्याच्या टोकाला लागणारी बहुतेक प्रथिने दुसऱ्या टोकाच्या पेशीकायेत तयार होतात. विसरणावर सोडली, तर ती पोचायला शेकडो वर्षे लागतील. जलद वाहतुकीत पुटिका दिवसाला ४०० मिमी.पर्यंत सरकतात, म्हणजे तीन दिवसांत पोचतात.

या वाहतुकीचा मार्ग म्हणजे सूक्ष्मनलिका : सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाची पोकळ नळी. ती ट्यूब्युलिनच्या जोड्यांची बनलेली असते आणि प्रत्येक जोडी ८ नॅनोमीटर लांब असते. सर्व जोड्या एकाच दिशेला तोंड करून बसत असल्याने नळीची दोन टोके वेगळी ठरतात. एक धन, दुसरे ऋण. अक्षतंतूत धन टोके पेशीकायेपासून दूर असतात. बहुतेक कायनेसिने धन टोकाकडे जातात, तर डायनीन ऋण टोकाकडे.

कायनेसिनाचा शोध १९८५ मध्ये रॉनल्ड व्हेल, टॉमस रीस व मायकेल शीट्झ यांनी अमेरिकेतील वुड्स होल येथे लावला. त्यासाठी त्यांनी माकुळाचा अक्षतंतू वापरला. तो नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका जाड असतो आणि त्यातील द्रव बाहेर काढून तपासता येतो. कायनेसिनाला दोन शीर्षे असतात. एक नळीला घट्ट धरून असताना मागचे सुटून पुढे येते. दर पावलाला एक एटीपी खर्च होतो आणि रेणू ८ नॅनोमीटर, म्हणजे नेमका एका जोडीइतका पुढे सरकतो. ही पावले १९९३ मध्ये प्रकाशीय चिमट्याने मोजली गेली. असा एक रेणू सेकंदाला सुमारे शंभर पावले टाकतो आणि ६ ते ७ पिकोन्यूटन बलाविरुद्ध ओढू शकतो. एटीपीतील जवळपास निम्मी ऊर्जा तो कामात उतरवतो. इतक्या लहान यंत्राची ही कार्यक्षमता थक्क करणारी आहे.

डायनीन कायनेसिनाच्या कितीतरी पट मोठे आहे. इयन गिबन्स यांनी ते १९६०च्या दशकात टेट्राहायमेना या एकपेशीय सजीवाच्या पक्ष्माभिकांमध्ये शोधले. पेशीद्रवातील वाहतूक करणारे त्याचे रूप १९८७ मध्ये हाती आले. माणसात कायनेसिनांची सुमारे ४५ जनुके आहेत. उलट दिशेची, आत येणारी जवळपास सगळी वाहतूक मात्र पेशीद्रवातील एकाच प्रकारच्या डायनीनावर अवलंबून असते. एवढ्या निरनिराळ्या मालाला एकच वाहक कसा पुरतो, याचे उत्तर त्याच्या साथीदारांत आहे. सस्तन प्राण्यांचे एकटे डायनीन नळीवर फार दूर जात नाही. माल नसताना ते दुमडून निष्क्रिय पडून राहते आणि एटीपी वाया जात नाही. डायनॅक्टिन हे वीसहून अधिक साखळ्यांचे संकुल आणि मालाला ओळखणारे एखादे जोडप्रथिन, उदा. बीआयसीडी२, ही दोन्ही जोडली गेली की ते लांबवर चालू लागते. २०१४ मध्ये केंब्रिज व सॅन फ्रान्सिस्को येथील दोन गटांनी हे शुद्ध प्रथिनांवर दाखवले. काही जोडप्रथिने एका डायनॅक्टिनवर दोन डायनीने बसवतात; तेव्हा बल आणि वेग दोन्ही वाढतात. म्हणून डायनीनाच्या बाबतीत खरा वाहक म्हणजे संपूर्ण संकुल. सुटे प्रथिन हा त्याचा केवळ एक भाग मानणे योग्य.

यातील एखादा घटक बिघडला, की त्याची झळ बहुधा सर्वांत आधी चेतापेशींना बसते. डायनॅक्टिनच्या पी१५० या घटकात एक अमिनो आम्ल बदलल्याने प्रेरक चेतापेशींचा आनुवंशिक आजार होतो. डायनीनाला मदत करणारे लिस१ हे प्रथिन अपुरे पडले, तर गर्भात चेतापेशी योग्य जागी पोचत नाहीत आणि मेंदूचा पृष्ठभाग वळ्यांविना गुळगुळीत राहतो. हर्पीस विषाणू तर डायनीनाचाच मार्ग वापरून चेतातंतूच्या टोकापासून पेशीकायेपर्यंत पोचतो.

एकाच पुटिकेवर बहुधा कायनेसिन व डायनीन या दोन्ही जातींची प्रथिने असतात आणि त्यांच्यात रस्सीखेच चालते. एकटे डायनीन कायनेसिनापेक्षा कमजोर असूनही ते जिंकते कसे, या प्रश्नावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक यांच्या गटाने महत्त्वाचे काम केले. मल्लिक यांनी त्याआधी, २००४ मध्ये, स्टीव्हन ग्रॉस यांच्यासह दाखवले होते, की भार नसताना डायनीन २४ ते ३२ नॅनोमीटरची लांब पावले टाकते आणि भार वाढला की ती ८ नॅनोमीटरपर्यंत आखडते. मुंबईच्या गटाने २०१३ मध्ये दाखवले, की अनेक डायनीने भार आपसांत वाटून घेतात. कायनेसिनांना हे तितके जमत नाही. २०१६ मध्ये पुढची पायरी स्पष्ट झाली : भक्षकपेशीने गिळलेल्या जंतूभोवतीच्या पटलावर डायनीने एके ठिकाणी गोळा होतात, एकाच नळीवर मिळून ओढतात आणि जंतूला लयकारिकांच्या दिशेने वेगाने नेतात. काळा आजार घडवणाऱ्या लीशमेनिया डोनोव्हानी या परजीवीच्या आवरणातील लायपोफॉस्फोग्लायकन हा रेणू नेमकी ही जमवाजमव मोडतो आणि त्यामुळे ही वाहतूक खुंटते.