नासाकोटरशोथ

नाकाभोवतीच्या हाडांतील हवायुक्त पोकळ्यांच्या (नासाकोटरांच्या) श्लेष्मकलेस येणारी दाहयुक्त सूज. व्यवहारात या विकारास ‘सायनसचा त्रास’ म्हणतात. नाक चोंदणे, घट्ट स्राव, गाल व कपाळ जड होणे आणि वास कमी येणे ही प्रमुख लक्षणे होत. बारा आठवडे वा अधिक काळ टिकणारा विकार चिरकारी समजतात.

प्राचीन उपचार : सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नासारोगांचे वर्णन असून प्रतिश्यायाची (पडशाची) उपेक्षा केल्यास तो बळावतो, असे सांगितले आहे. हठप्रदीपिकेतील नेतिक्रियेत नाकात घातलेले सूत तोंडावाटे काढतात. कोमट मीठपाण्याने नाक धुणे ही जलनेती होय. स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून यौगिक क्रियांचे शास्त्रीय परीक्षण आरंभिले. १९३६ मध्ये गिरगाव चौपाटीनजीक संस्थेचे आरोग्यकेंद्र निघाले आणि साधकांपुरत्या असलेल्या शुद्धिक्रिया शहरवासीयांच्या आटोक्यात आल्या. तत्पूर्वी १९२६ मध्ये परळ येथे के. ई. एम. रुग्णालय सुरू झाल्याने गिरणगावात पाश्चात्त्य वैद्यकाचे उपचारही उपलब्ध झाले होते.

शस्त्रक्रिया : कॉल्डवेल (१८९३) व ल्यूक (१८९७) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत वरच्या ओठाखालून गालाच्या कोटरात शिरून रोगट अस्तर काढीत व नाकाकडे खालच्या बाजूस नवे छिद्र पाडीत. तथापि श्लेष्मकलेवरील पक्ष्माभिका (केसासारख्या सूक्ष्म वाढी) स्राव वरच्या नैसर्गिक छिद्राकडेच ढकलतात, असे ऑस्ट्रियातील मेसरक्लिंगर यांनी दाखविले. त्यामुळे अंतर्दर्शकाच्या साहाय्याने मूळ मार्गच मोकळा करण्याची पद्धत १९८० नंतर रूढ झाली.

जलनेतीची मर्यादाही यावरून स्पष्ट होते. शस्त्रक्रिया न झालेल्या रुग्णात हे पाणी कोटरांत फारसे शिरत नाही. ते नाकातील स्राव व धूळ धुऊन काढते. युरोपीय तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत चिरकारी विकारासाठी मीठपाण्याने नाक धुण्याची व स्टेरॉइड फवाऱ्याची शिफारस आहे. मात्र पाणी उकळून कोमट केलेलेच असावे. तीव्र विकार बहुधा व्हायरसजन्य असल्याने प्रतिजैव औषधे सहसा लागत नाहीत. डोळ्याभोवती सूज, दृष्टिदोष वा मानेचा ताठरपणा आढळल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णालय गाठणे आवश्यक असते.