बायबलमधील नरककल्पना : उगम आणि विकास

धर्मग्रंथातील एखादा शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जातो, तेव्हा पुष्कळदा त्याच्यामागचा इतिहास झाकला जातो. बायबलमधील 'नरक' हा असाच एक शब्द होय. पापी मनुष्य मृत्यूनंतर नरकाच्या अग्नीत अनंतकाळ जळत राहतो, ही बायबलची प्रारंभापासून अखेरपर्यंतची एकमुखी शिकवण आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अनेक ख्रिस्ती बांधवांची आहे, तशीच ख्रिस्तेतरांचीही आहे. वस्तुतः बायबल हा अनेक शतकांत अनेक हातांनी लिहिला गेलेला ग्रंथसंग्रह आहे आणि मरणोत्तर अवस्थेविषयी त्यात एक नव्हे, तर अनेक मते आढळतात. ही मते कोणत्या परिस्थितीत जन्मली आणि पुढे त्यांचा उपयोग कोणी व कसा केला, याचा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. कोणाच्या श्रद्धेची टवाळी करणे हा आमचा हेतू नाही. कल्पनेचा इतिहास समजून घेतल्यावाचून तिची चिकित्सा होऊ शकत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

चार शब्द, एक भाषांतर

मूळ ग्रंथात चार निरनिराळे शब्द येतात. जुन्या करारातील हिब्रू शब्द 'शिओल'. नव्या करारातील 'गेहेन्ना', 'हेडिस' आणि 'टार्टारस'. यांतील हेडिस व टार्टारस हे ग्रीक पुराणकथांतून आलेले आहेत. टार्टारसचा उल्लेख पेत्राच्या दुसऱ्या पत्रात एकदाच येतो आणि तोही माणसांविषयी नव्हे, तर पतित देवदूतांविषयी. इ. स. १६११ च्या सुप्रसिद्ध इंग्रजी भाषांतराने या सर्वांवर नरकवाचक एकच शब्द अनेक ठिकाणी पसरवला. शिओल हा शब्द जुन्या करारात ६५ वेळा येतो. त्या भाषांतरकारांनी तो ३१ ठिकाणी 'नरक', ३१ ठिकाणी 'कबर' आणि ३ ठिकाणी 'खड्डा' असा केला. एकाच शब्दाचे असे तीन अर्थ करताना सज्जन कबरेत आणि दुर्जन नरकात, अशी विभागणी वाचकाच्या मनात आपोआप होत गेली. मूळ ग्रंथात ती नव्हती.

मराठी बायबलात शिओल व हेडिस यांना बहुतेक ठिकाणी 'अधोलोक' आणि गेहेन्नाला 'नरक' म्हटले आहे. हा भेद योग्य आहे. तथापि 'नरक' हा शब्द येताना येथील संस्कारही घेऊन येतो. भारतीय परंपरांतील नरक, आणि पाली साहित्यातील निरयही, कितीही दीर्घ असला तरी कर्माचे फळ संपताच संपतो. ख्रिस्ती धर्मशास्त्राने पुढे मांडलेला नरक संपत नाही. शब्द एक असला तरी कल्पना एक नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

शिओल : जेथे सर्व समान

प्राचीन इस्राएली लोकांचा शिओल हा शिक्षेचा लोक नव्हता. जमिनीखालचा तो एक अंधारा, निःशब्द प्रदेश. राजा आणि रंक, सज्जन आणि दुर्जन सर्वांनी तेथेच जायचे. योसेफ मरण पावला असे समजून शोक करणारा त्याचा पिता याकोब, आपणही दुःख करीत शिओलात उतरू, असे म्हणतो. तो स्वतःला पापी समजत नाही. शिओल हे सर्वांचेच अंतिम स्थान आहे. मृतांना काहीच कळत नाही आणि तेथे कर्म नाही, ज्ञान नाही, असे 'उपदेशक' हा ग्रंथ स्पष्टपणे सांगतो. ईयोब मृत्यूची इच्छा करताना म्हणतो की, तेथे लहानथोर एकत्र असतात आणि दास आपल्या धन्यापासून मुक्त असतो. जिवंतपणी न मिळालेली समता मृत्यूतच काय ती मिळते, ही त्या उद्गारामागची वेदना आहे.

मग पापपुण्याचा हिशेब कोठे होत होता? याच जगात. 'अनुवाद' या ग्रंथाच्या २८ व्या अध्यायात नियमपालनाचे फळ म्हणून पाऊस, पीक आणि संतती सांगितली आहे. नियमभंगाची शिक्षा म्हणून अवर्षण, रोगराई, पराभव आणि देशांतर सांगितले आहे. त्या लांबलचक यादीत मरणोत्तर नरकाचा एकही उल्लेख नाही.

न्यायाचा प्रश्न

ही व्यवस्था अनुभवाशी जुळेना, तेव्हा प्रश्न उभा राहिला. इ. स. पू. ५८७ च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्याने यरुशलेमचे मंदिर पाडले आणि लोकांना बंदिवान करून नेले. सज्जन दुःख का भोगतात, हा ईयोबाच्या ग्रंथाचा विषय आहे. त्याचे उत्तर मात्र मरणोत्तर न्यायाच्या रूपाने तेथे दिलेले नाही.

ते उत्तर आले इ. स. पू. दुसऱ्या शतकात. सिरियाचा ग्रीक राजा अँटिओकस चौथा याने इ. स. पू. १६७ मध्ये यहुद्यांचे मंदिर भ्रष्ट केले. सुंता व शब्बाथ यांवर बंदी घातली. धर्म सोडला त्यांचे प्राण वाचले आणि धर्माशी एकनिष्ठ राहिले ते ठार झाले. जुना न्याय येथे पूर्णतः उलटा झाला होता. नियम पाळल्याचे फळ म्हणून सुख मिळायचे, तेथे मृत्यू मिळाला. याच छळाच्या काळात दानीएलाच्या ग्रंथाला आजचे रूप आले, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. त्याच्या १२ व्या अध्यायात धुळीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जण उठतील, काही सार्वकालिक जीवनासाठी आणि काही सार्वकालिक अप्रतिष्ठेसाठी, असा विचार येतो. मृत्यूनंतर सज्जन व दुर्जन यांची अशी स्पष्ट फाळणी हिब्रू बायबलात प्रथम येथेच दिसते. आणि येथेही अग्नी नाही; आहे ती अप्रतिष्ठा.

आमच्या मते हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ज्यांचे मारेकरी सिंहासनावर बसले होते आणि ज्यांना दाद मागायला न्यायालय नव्हते, त्यांनी हा न्याय मागितला. सारे यहुदीही त्याशी सहमत नव्हते. मंदिराची सत्ता ज्यांच्याकडे होती त्या सदूकी पंथाने पुनरुत्थान नाकारले, तर परूशी पंथाने ते स्वीकारले.

हिन्नोमची दरी

येशूच्या तोंडी येणारा 'गेहेन्ना' हा शब्द मुळात एका भौगोलिक स्थळाचे नाव आहे. यरुशलेमच्या दक्षिणेस हिन्नोमची दरी आहे. आहाज आणि मनश्शे या राजांनी तेथे आपल्या मुलांचे अग्नीत बळी दिले, असे जुना करार सांगतो. योशीया राजाने ते स्थान भ्रष्ट केले आणि यिर्मयाने तिला कत्तलीची दरी म्हटले. तेथे शहराचा कचरा अखंड जळत असे, असे पुष्कळ पुस्तकांत लिहिलेले आढळते. परंतु त्याला प्राचीन पुरावा नाही. तो उल्लेख प्रथम इ. स. १२०० च्या सुमारास एका यहुदी भाष्यकाराच्या लेखनात येतो. निष्पाप बालकांच्या हत्येची ही भूमीच न्यायाच्या दिवसाचे प्रतीक झाली.

नव्या करारात गेहेन्ना १२ वेळा येतो. त्यांपैकी ११ वेळा शुभवर्तमानांत आणि एकदा याकोबाच्या पत्रात. पौलाच्या पत्रांत तो एकदाही नाही; पापाचे वेतन मरण, एवढेच पौल म्हणतो. मत्तयाच्या २५ व्या अध्यायातील न्यायाच्या प्रसंगी भुकेल्याला अन्न दिले का, उघड्याला वस्त्र दिले का, बंदिवानाची भेट घेतली का, हेच निकष आहेत. लूकच्या १६ व्या अध्यायात हेडिसमध्ये तळमळणारा श्रीमंत आपल्या दाराशी पडलेल्या लाजाराकडे दुर्लक्ष करणारा आहे. रोमन छळाच्या छायेत लिहिलेल्या 'प्रकटीकरण' या ग्रंथात अग्नीचे सरोवर येते. आणि शेवटी मृत्यू व हेडिस हेच त्यात टाकले जातात.

सत्तेच्या हाती

पुढील इतिहास वेगळा आहे. तिसऱ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा विद्वान ओरिजेन याने शिक्षा ही शुद्धीसाठी असून अखेर सर्वांचा उद्धार होईल, अशी आशा मांडली होती. इ. स. ३८० मध्ये ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्याचा राजधर्म झाला. त्यानंतर ऑगस्टीनने 'देवाचे नगर' या ग्रंथात शारीरिक व अनंत शिक्षेचे जोरदार समर्थन केले, आणि इ. स. ५५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मपरिषदेने ओरिजेनला पाखंडी ठरवले.

मध्ययुगात शुद्धिलोकाची कल्पना दृढ झाली. इ. स. १४७६ मध्ये पोप सिक्स्टस चौथा याने पापक्षालनाच्या दंडमाफीपत्रांचा लाभ मृतांनाही मिळेल असे जाहीर केले. मेलेल्या मातापित्यांच्या यातना कमी व्हाव्यात म्हणून जिवंत गरिबांनी पैसे मोजावेत, अशी ही व्यवस्था होती. इ. स. १५१७ मध्ये ल्यूथरने तिच्याविरुद्ध आवाज उठवला. त्याने पुढे शुद्धिलोक नाकारला, नरक मात्र ठेवला. अलीकडे इ. स. १९९९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी, नरक हे स्थळ नसून ईश्वरापासून स्वतःहून दूर गेल्याची अवस्था आहे, असे प्रतिपादन केले.

तेव्हा बायबल नरकाविषयी काय शिकवते, या प्रश्नाला एका वाक्यात उत्तर नाही. तेथे सर्वांना सामावणारा शिओल आहे, हुतात्म्यांची न्यायाची मागणी आहे आणि भुकेल्याला विसरणाऱ्या श्रीमंताला दिलेला इशाराही आहे. छळ सोसणाऱ्यांनी ही कल्पना उच्चारली तेव्हा ती अत्याचारी राजाविरुद्धची फिर्याद होती. तीच सत्ताधीशांच्या हाती गेली तेव्हा गरिबांना भिवविण्याचे आणि त्यांच्याकडून पैसा काढण्याचे साधन झाली. म्हणून कोणत्याही धर्मकल्पनेची चिकित्सा करताना ती काय सांगते एवढेच पाहून भागत नाही. ती कोण सांगतो आणि कोणाला सांगतो, हेही पाहिले पाहिजे.