इंजिनाच्या श्वासांतील तेल

लोहाराच्या भट्टीला जसा भाता लागतो, तसाच तो मालमोटारीच्या इंजिनालाहि लागतो. जळण कितीहि उत्तम असलें तरी पुरेशी हवा न मिळाल्यास आग धुमसते आणि तिचें बळ उतरतें. म्हणून ज्या इंजिनाकडून लहान आकारांत पुष्कळ काम घ्यावयाचें, त्याच्या मुखाशीं हवा दाबून भरणारें यंत्र बसविण्याची रीत पडली. या यंत्रास सुपरचार्जर म्हणतात. मराठींत त्यास भाता म्हटल्यास वावगें होणार नाहीं. परंतु या भात्याबरोबर एक चिवट उपद्रवहि आला. ज्या वाटेनें केवळ स्वच्छ हवा जावी, त्या वाटेंत वंगणाचें तेल सांचूं लागलें. हें तेल येतें कोठून, त्यापासून काय अनर्थ ओढवतात, आणि तें अडविण्यासाठीं माणसानें कोणकोणते उपाय योजिले, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

या भात्याचा जन्म इंजिनाच्या पोटीं झाला नाहीं. तो झाला लोकरीच्या गिरणींत. अमेरिकेंतील इंडियाना राज्यांत कॉनर्सव्हिल या गांवीं फिलँडर रूट्स व फ्रान्सिस रूट्स हे दोघे बंधु लोकरीची गिरणी चालवीत असत. गिरणीच्या पाणचक्कीऐवजीं एखादें सुधारलेलें यंत्र असावें, या खटपटींत ते होते. एका पेटींत एकमेकांशेजारीं फिरणारे दोन लांकडी भाग बसवून त्यांनीं एक यंत्र सिद्ध केलें. असें सांगतात कीं, पाण्यानें लांकूड फुगून तें यंत्र अडकलें. परंतु तेंच कोरडें फिरवून पाहतां त्यांतून वाऱ्याचा असा झोत निघाला कीं, जवळ उभ्या असलेल्या माणसाची टोपी उडाली! आख्यायिका कशीहि असो, १८६० सालीं या बंधूंनीं आपल्या वायुयंत्राचें पेटंट घेतलें, आणि पुढें ओतशाळांच्या भट्ट्यांना व खाणींना वारा पुरविण्याचें काम तें करूं लागलें.

या यंत्राची रचना साधी पण मार्मिक आहे. डमरूसारखे, पण गोल टोकांचे, दोन घटक एका पेटींत विरुद्ध दिशांनीं फिरतात. ते एकमेकांच्या अगदीं जवळून जातात, परंतु परस्परांना स्पर्श करीत नाहींत. त्यांचा मेळ राखतात तीं टोकांवर बसविलेलीं दंतचक्रें. स्पर्श नाहीं, म्हणून घर्षण नाहीं. आणि घर्षण नाहीं, म्हणून पेटीच्या आंत तेलाची गरज नाहीं. तेल लागतें तें केवळ टोकांकडील दंतचक्रांना व धारव्यांना. तेव्हां तेलाचा प्रदेश आणि हवेचा प्रदेश यांच्यामध्यें सीमा असते ती एका लहानशा कड्याची, म्हणजे तेलबंदाची. सारें यंत्र जागच्या जागीं धड असलें, तरी ही एक सीमा ढिली पडतांच तेल हवेच्या राज्यांत शिरतें.

इंजिनांत हवा दाबून भरावी, ही कल्पनाहि तशी जुनीच. गोट्लीब डाइमलर यानें १८८५ सालींच तिचें जर्मन पेटंट मिळविलें होतें. १९२१ सालच्या बर्लिन येथील मोटार-प्रदर्शनांत भाता बसविलेल्या मर्सिडीज मोटारी मांडण्यांत आल्या. परंतु तोंवर हा भाता श्रीमंतांच्या व शर्यतबाजांच्या हौसेची वस्तु होता. ओझें वाहणाऱ्या गाड्यांत त्याचें खरें महत्त्व वाढलें तें डीझेल इंजिनाच्या आगमनानंतर. जर्मनींत १९२४ च्या सुमारास डीझेलवर चालणाऱ्या मालमोटारी रस्त्यावर आल्या. पुढें १९३८ सालीं स्वित्झर्लंडमधील साउरर कारखान्यानें मालमोटारीसाठीं धुराच्या झोतावर फिरणाऱ्या भात्याचें, म्हणजे टर्बोचार्जरचें, इंजिन काढलें; आणि त्याच सालीं अमेरिकेंत जनरल मोटर्स कंपनीनें आपलें ‘सेव्हन्टी-वन’ मालिकेचें इंजिन बाजारांत आणलें. या मालिकेंतील प्रत्येक नळकांड्याचें आकारमान ७१ घन इंच असे. त्यावरून हें नांव पडलें.

हें इंजिन दोन-धावी होतें. सामान्य चार-धावी इंजिनांत दट्ट्या स्वतःच हवा ओढून घेतो व जळालेला वायु स्वतःच बाहेर लोटतो. दोन-धावी इंजिनाला इतकी उसंत नसते. तेथें नळकांड्याच्या भिंतींतील छिद्रांतून भात्याची हवा जोरानें आंत घुसते व जळका वायु वरच्या झडपांतून हांकलून देते. म्हणजे येथें भाता हा अलंकार नव्हे. तो इंजिनाचें फुप्फुसच होय. दुसऱ्या महायुद्धांत या जातीचीं इंजिनें हजारोंनीं खपलीं. अमेरिकन शर्मन रणगाड्याच्या एका प्रकारांत अशीं दोन इंजिनें जोडीनें बसविलेलीं असत. आणि १९४४ च्या जून महिन्यांत नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिक उतरविणाऱ्या लहान होड्यांतहि हींच इंजिनें होतीं. युद्धानंतर कित्येक दशकें तीं मालमोटारींत व प्रवासी बसगाड्यांत राबत राहिलीं.

तेलाच्या उपद्रवाचें मूळ स्वरूप या इंजिनांत स्पष्ट दिसतें. भात्यांतून निघालेली हवा नळकांड्यांभोंवतींच्या एका पोकळींत भरते. तिला हवापेटी म्हणावें. भात्याच्या कड्यांतून झिरपलेलें तेल, दट्ट्याच्या कड्यांनीं छिद्रांवरून खरवडून आणलेलें तेल, आणि हवेंतील दमटपणाचें पाणी, हीं सर्व याच पोकळीच्या तळाशीं उतरतात. रचनाकारांनीं हें पूर्वींच ओळखलें होतें. त्यांनीं हवापेटीच्या तळाशीं बारीक नळ्या ठेविल्या. इंजिन चालूं असतां आंतील दाबानेंच हा गाळ त्या नळ्यांवाटे बाहेर टाकला जाई. उपाय अगदीं साधा. पण नळी काजळीनें बुजली, तर तेल आंत सांचून नळकांड्यांकडे वाट काढी. म्हणून या नळ्यांतून वारा येतो कीं नाहीं हें वेळोवेळीं पाहावें, असा या इंजिनांच्या देखभालीचा दंडक होता. भात्याच्या कड्यांची परीक्षाहि अशीच सोपी असे. इंजिन मंद चालवून, हवेच्या तोंडांतून आंत दिव्याचा प्रकाश टाकावा. कडें गळत असल्यास त्याच्यापासून चोहोंकडे पसरत जाणारा तेलाचा पातळ पापुद्रा दृष्टीस पडे. हवा गाळणाऱ्या पात्रांतहि त्या काळीं तेलच वापरीत. तें प्रमाणाबाहेर भरल्यास तेथूनहि तेल शोषलें जाई. म्हणून त्या पात्रावरील खुणेच्या वर तेल जाऊं न देणें हाहि एक नियमच होता.

एवढी सावधगिरी कशाला, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचें उत्तर भयंकर आहे. डीझेल इंजिनाला ठिणगी लागत नाहीं. दाबानें तापलेल्या हवेंत जें जळण येईल तें पेटतें. इंजिनाचा वेग आंवरणारें नियंत्रक यंत्र केवळ टाकींतून येणाऱ्या तेलावर हुकमत चालवितें. हवेच्या वाटेनें आलेलें वंगण त्याच्या हुकमतीबाहेरचें. तें पेटलें कीं वेग वाढतो. वेग वाढला कीं भाता अधिक जोरानें फिरतो. आणि भात्याबरोबर अधिक तेल ओढलें जातें. चालकानें किल्ली फिरविली, डीझेलचा पुरवठा तोडला, तरी इंजिन थांबत नाहीं. तें आपलेंच वंगण जाळीत सुटतें आणि शेवटीं स्वतःचे तुकडे करून घेतें. म्हणून या इंजिनांच्या हवेच्या तोंडावर एक झांकण बसविलेलें असे. आणीबाणीच्या वेळीं खटका ओढतांच तें बंद होई व इंजिनाचा श्वासच कोंडला जाई. उधळलेल्या इंजिनाला आवरण्याचा हाच खात्रीचा मार्ग होता.

तेलाची दुसरी वाट याहून सूक्ष्म आहे, आणि ती चार-धावी इंजिनांतहि आढळते. दट्ट्याच्या कड्या कितीहि घट्ट असल्या, तरी स्फोटाचा थोडा वायु त्यांच्या फटींतून निसटून खालच्या तेलघरांत उतरतो. तेथें फिरत्या दांड्यांनीं तेल घुसळून त्याचें धुकें झालेलें असतें. स्वयंपाकघरांत फोडणीचा धूर जसा भिंतीवर चिकट थर धरतो, तसेंच हें धुकें जेथें जेथें जाईल तेथें थर धरतें. परंतु त्यास बाहेर काढणें तर भागच असतें. नाहीं तर तेलघरांत दाब वाढून सांध्यासांध्यांतून तेल फुटूं लागावयाचें.

आरंभीं त्यास सरळ रस्त्यावर सोडीत. तेलघरांतून एक नळी खालीं काढलेली असे. गाडी धांवूं लागली कीं वाऱ्याच्या ओढीनें धुकें बाहेर जाई. परंतु उभ्या गाडीला वारा कोठला? दुसऱ्या महायुद्धांत जीं लष्करी वाहनें खोल पाण्यांतून न्यावयाचीं, त्यांना तर अशी उघडी नळी चालण्यासारखीच नव्हती. तेव्हां तेलघर इंजिनाच्या हवामार्गास जोडून तें धुकें इंजिनाकडूनच जाळविण्याची युक्ति वापरण्यांत आली. शांततेच्या काळांत तिचें महत्त्व पटविलें तें लॉस एंजेलिस शहराच्या धुरक्यानें. तेथील शास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनीं १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दाखवून दिलें कीं, डोळे झोंबविणारें हें धुरकें मोटारींतून निघणाऱ्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनतें. अशा जळाऊ वाफांचा सुमारें पंचमांश भाग एकट्या तेलघरांतून येतो, असेंहि पुढें आढळलें. १९६१ सालीं कॅलिफोर्नियानें तेलघराचा वायु परत इंजिनांत नेणारी झडप सक्तीची करण्याचा निर्णय घेतला. अमेरिकेंत मोटारीच्या दूषित वायूंवर घातलेलें हें पहिलें यांत्रिक बंधन होय. शहराची हवा त्या मानानें निवळली. पण रस्त्यावर पडणारें तेल आतां हवामार्गांत येऊं लागलें.

भाता असलेल्या पेट्रोल-इंजिनांत ही अडचण दुणावते. इंजिन मंद चालतां हवामार्गांत ओढ असते व झडपेंतून धुकें आंत जातें. चालकानें जोर दिला कीं भात्यामुळें तेथें ओढीच्या जागीं दाब निर्माण होतो. झडप मिटते, आणि तेंच धुकें उलट फिरून श्वासनळीवाटे भात्याच्या तोंडाशीं येतें. १९९९ सालीं फोर्ड कंपनीनें काढलेल्या ‘एफ-१५० लाइटनिंग’ या मालमोटारींत रूट्स जातीचा भाता व त्याच्या खालीं हवा थंड करणारी जाळी अशी योजना होती. अशा रचनेंत भात्यांतून आलेलें तेल जाळीवर बसतें. हवा नीट थंड होत नाहीं. आणि पेट्रोलमध्यें मिसळलेल्या तेलानें अवेळीं स्फोट होऊन दट्ट्यावर हातोड्यासारखे घाव बसतात. यावर उपाय म्हणजे वाटेंत एक डबा बसवावयाचा. त्याच्या आंत आडव्या पट्ट्या व पोलादी तारांची जाळी असते. धुकें त्यांवर आपटून त्याचे थेंब होतात व तळाशीं सांचतात. मात्र दोन्ही वाटांवर पहारा हवा. एकच अडविली तर तेल दुसरीनें येतें. एकाच दिशेनें उघडणारी झडपहि शाबूत हवी. नाहीं तर भात्याचा दाब तेलघरांत शिरतो. आणि डबा वेळच्या वेळीं रिता केला पाहिजे. थंड प्रदेशांत त्यांतलें पाणी गोठून वाटच बंद होते.

मोठ्या डीझेल मालमोटारींच्या बाबतींत कायदाहि बराच काळ माघार घेऊन होता. टर्बोचार्जर असलेल्या जड इंजिनांना अमेरिकेंत तेलघराचा वायु बाहेर सोडण्याची सवलत होती. कारण तेलकट धुकें आंत घेतल्यास भाता व हवा थंड करणारी जाळी खराब होईल, ही भीति. दाबलेली हवा अतिशय तापते, आणि त्या उष्णतेंत तेलाचा पापुद्रा करपून कोळशासारखा कठीण होतो, म्हणून ती भीति खोटी नव्हती. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या नियमांनीं ही सवलत काढून घेतली. २००७ च्या नमुन्यापासून तेलघर तरी बंद ठेवावें, नाहीं तर त्यांतील वायु धुराच्या हिशेबांत धरावा, असें ठरलें.

मग धुकें गाळण्याची विद्या पुढें आली. बारीक तंतूंच्या गाळण्या निघाल्या. पण त्या भरतात व बदलाव्या लागतात. दुसरा उपाय आला तो दुग्धालयांतून. स्वीडनमधील गुस्ताफ द लाव्हाल यानें १८७८ सालीं दुधांतून साय वेगळी काढणारें फिरतें यंत्र तयार केलें होतें. पुढें त्यांत एकावर एक रचलेल्या शंकूच्या आकाराच्या तबकड्या आल्या. वेगानें फिरतांना जड भाग बाहेर फेंकला जातो व हलका आंत राहतो, हें त्यांतलें तत्त्व. त्याच नांवाचा वारसा सांगणाऱ्या अल्फा लाव्हाल कंपनीनें हाल्डेक्स या दुसऱ्या स्वीडिश कंपनीच्या साहाय्यानें तशाच तबकड्यांचें एक लहान यंत्र मालमोटारीच्या इंजिनासाठीं सिद्ध केलें. दुधाच्या जागीं तेलाचें धुकें आलें एवढाच फरक. तेलाचे कण बाहेर फेंकले जाऊन तेलघरांत परततात, आणि स्वच्छ वायु भात्याकडे जातो.

या सर्व इतिहासांतून एक गोष्ट स्पष्ट होते. तेल रस्त्यावर टाकलें, तेव्हां शहरानें तें श्वासावाटे घेतलें. इंजिनांत परत नेलें, तेव्हां इंजिनाचा श्वास कोंडूं लागला. टाकाऊ वस्तु नजरेआड केल्यानें ती नाहींशी होत नाहीं. ती कोणाच्या तरी वाट्याला जातेच. तिला वेळींच निराळी करून जेथल्या तेथें परत करणें हाच खरा उपाय होय. इंजिनाच्या रचनाकारांना हें उमगण्यास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. आणि आजहि एखादी बुजलेली नळी किंवा झिजलेलें कडें तोच धडा पुन्हा शिकविण्यास पुरेसें असतें.