नियोगी समिती

मध्य प्रदेशातील ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करण्यासाठी त्या राज्याच्या शासनाने १४ एप्रिल १९५४ रोजी नेमलेली समिती. नागपूर ही त्या वेळी राज्याची राजधानी होती. नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी हे समितीचे अध्यक्ष होते; सदस्यांत एस. के. जॉर्ज हे ख्रिस्ती होते.

पार्श्वभूमी : महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्मप्रसारासंबंधीचा वाद प्रथम ग्रंथप्रामाण्याचा होता. जॉन विल्सन व मोरभट्ट दांडेकर (१८३१), तसेच विष्णुबुवा ब्रह्मचारी व मिशनरी (१८५७) यांच्यात मुंबईस झालेल्या जाहीर वादांत बायबलमधील चमत्कार व कथा कितपत विश्वसनीय आहेत, यावर खंडनमंडन झाले. नागपुरास स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले. शिक्षणकार्याबरोबरच त्यांनी भूविज्ञान व आदिवासी समाज यांचाही अभ्यास केला. त्यांच्या स्मरणार्थ १८८३ मध्ये महाविद्यालय निघाले. स्वातंत्र्यानंतर या वादाचे स्वरूप पालटले. धर्मांतरावर निर्बंध घालणारे कायदे रायगढसारख्या संस्थानांत होते. विलीनीकरणानंतर तेथील आदिवासी भागांत मिशनकार्य वाढले आणि संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदातील धर्मप्रसाराच्या हक्काची मर्यादा कोणती, हा प्रश्न पुढे आला.

चौकशी व शिफारशी : समितीने १४ जिल्ह्यांतील ७७ ठिकाणांना भेटी दिल्या व ११,३६० व्यक्तींशी संपर्क साधला. तिच्या प्रश्नावलीत ९९ प्रश्न होते. त्यांतील काही प्रश्न धर्मस्वातंत्र्यास बाधक असल्याचे सांगून रोमन कॅथलिकांनी सहकार्य थांबविले व नागपूर उच्च न्यायालयात अर्ज केला. तो फेटाळण्यात आला. १९५६ मध्ये सादर झालेल्या अहवालात, धर्मांतर हाच मुख्य हेतू असलेल्या परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, वैद्यकीय सेवेचा धर्मांतरासाठी उपयोग करण्यास कायद्याने बंदी घालावी आणि शासनाच्या संमतीवाचून धर्मप्रसारक साहित्य वाटू देऊ नये, अशा शिफारशी होत्या. साक्षीपुराव्याची न्यायालयीन पद्धतीने छाननी झाली नाही व काही उदाहरणांवरून संपूर्ण समाजास दोषी ठरविले गेले, असा ख्रिस्ती टीकाकारांचा आक्षेप होता. मुंबईतील कॅथलिकांनी १९५७ मध्ये अहवालास ग्रंथरूपाने उत्तर दिले.

परिणाम व मूल्यमापन : १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरातच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. धर्मांतर हा दलितांच्या दृष्टीने आत्मसन्मानाचा निर्णय असू शकतो, हे या घटनेने स्पष्ट केले. १ नोव्हेंबर रोजी राज्यपुनर्रचनेमुळे नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. पुढे मध्य प्रदेशने १९६८ मध्ये बळ, प्रलोभन वा फसवणूक यांनी होणाऱ्या धर्मांतरास मनाई करणारा कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये तो वैध ठरविला. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क अंतर्भूत नाही, असा त्याचा निर्णय होता. २०२१ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या कायद्याने घेतली.

एखाद्या धर्मग्रंथातील कथन ऐतिहासिक आहे की नाही, हा इतिहाससंशोधनाचा व मुक्त चर्चेचा विषय आहे; त्या ग्रंथावर श्रद्धा ठेवणाऱ्यांचे नागरी हक्क त्याच्या उत्तरावर अवलंबून नसतात. फसवणुकीपासून दुर्बलांचे संरक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य होय; मात्र ते करताना त्याच दुर्बलांची स्वतःचा धर्म निवडण्याची पात्रता नाकारली जाऊ नये, हा या चौकशीतून उभा राहिलेला मूलभूत प्रश्न आहे.