विनय कुणाचा, भंग कुणाचा?

‘विनय’ हा शब्द संस्कृतातल्या ‘नी’, म्हणजे नेणे, या धातूपासून आला. वळण लावणे, शिस्त, त्यातून नम्रता असा त्याचा प्रवास. कायद्याच्या मराठी भाषेत मात्र ‘विनयभंग’ म्हणजे बाईवरचा गुन्हा. दिल्लीच्या बसमध्ये कुणी तिच्या अंगाला मुद्दाम हात लावला, तर मोडते ती त्या पुरुषाची शिस्त. शब्द मात्र भंग तिच्या पदरात टाकतो. मग ती नम्र होती का, कपडे कसे होते, असे प्रश्न तिलाच विचारले जातात.

यावर कुणी म्हणेल, शब्द रूढ आहे, पोलिसांनाही कळतो. शिवाय १९६६ मध्येच, साडेसात महिन्यांच्या मुलीवरील अत्याचाराच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीत्व हेच विनयाचे सार मानले होते. निकाल योग्यच होता. पण तान्ह्या जिवाला विनय असतो का, याची चर्चा करावी लागली, ती या कल्पनेमुळेच. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर नेमलेल्या न्या. वर्मा समितीने महिनाभरात अहवाल दिला. २०१३ च्या दुरुस्तीने लैंगिक छळ, पाठलाग हे स्वतंत्र गुन्हे झाले. ‘विनयभंगा’ऐवजी ‘छळ’ हा शब्द मला पटतो. संस्कृतात ‘छल’ म्हणजे कपट, मराठीत यातना. दोन्ही अर्थ करणाऱ्याकडे बोट दाखवतात. तरीही १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ मध्ये विनयभंगाची जुनी कल्पना तशीच आहे. ती बदलायला संसदेने आणखी थांबू नये, आणि आपल्या बातमीदारांनी तर संसदेचीही वाट पाहू नये.