रुग्णाचें सोंग कोणी घडवावें?

कल्याणचा दुर्गाडी किल्ला मागें टाकून उल्हास नदीची खाडी ओलांडली, कीं भिवंडीच्या वाटेवर कोन हें गांव लागतें. येथून पुढें तालुक्यांत वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे आहेत. वीटभट्ट्यांवर राबणारीं कातकरी कुटुंबें तर भट्टीबरोबर आपलें बिऱ्हाडही हलवितात. असा रुग्ण दवाखान्याच्या पायरीशीं थबकला, तर दोष त्याच्या अज्ञानावर ढकलण्याची वहिवाट जुनी आहे.

दूर गडचिरोलीस या वहिवाटीला चांगलाच धक्का बसला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं तेथें ‘सर्च’ ही संस्था काढली. इस्पितळांत येण्यास भय कां वाटतें, असें आदिवासींना विचारलें असतां मिळालेलें उत्तर वैद्यकग्रंथांत सांपडण्यासारखें नव्हतें. मोठ्या इमारतींत वाट चुकते. नातलगांना रुग्णाजवळ राहूं देत नाहींत. आणि डॉक्टर, परिचारिका पांढरीं वस्त्रें घालतात. पांढऱ्या वस्त्रांत तर प्रेत गुंडाळतात! तेव्हां पाड्यासारखा, झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला, नातलगांची सोय झाली, आणि लोकांच्याच इच्छेनें त्यास दंतेश्वरी मातेचें नांव मिळालें.

याच सुमारास न्यूझीलंडमध्यें इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी परिचारिकेनें हा विचार शास्त्ररूपास नेला. उपचार निर्धास्त वाटले कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार उपचार घेणाऱ्याचा. १९९२ पासून तेथील परिचारिकांच्या शिक्षणांत तो सक्तीचा झाला.

रुग्णाचें सोंग उभें करून विद्यार्थ्यास शिकविण्याची युक्ति त्याहून जुनी. १९६३ मध्यें लॉस एंजेलिस येथें हॉवर्ड बॅरोज या डॉक्टरांनीं चित्रकारांपुढें बसणाऱ्या एका स्त्रीला पाय लुळे पडल्याचें सोंग शिकविलें. आतां तेंच सोंग कृत्रिम बुद्धिमत्तेचें यंत्र घेऊं लागलें आहे. यंत्र थकत नाहीं, शंभरदां चुकलें तरी रुसत नाहीं. नवशिक्या डॉक्टरास ही सोय थोडी नव्हे.

परंतु यंत्र बोलतें तें लिखित मजकुराच्या पुंजीवर, आणि कातकरी किंवा वारली बोलींत लिखाण तें किती? यंत्रांतली कातकरी बाई पुणेरी मराठींत आपलें दुखणें क्रमवार सांगेल, आणि विद्यार्थी तिलाच खरी समजून उत्तीर्ण होईल. खरी बाई कदाचित् गप्पच बसेल. भगताकडे जाऊन आल्याचें लपवील. पांढऱ्या वस्त्राची गोष्ट गडचिरोलीस विचारल्यावांचून कळली नाहीं. कोनपलीकडच्या पाड्यांसाठीं असें यंत्र करावयाचें, तर त्यांतील रुग्ण पाड्यावरच्या माणसांनीं घडवावा, आणि विद्यार्थ्याची परीक्षाही त्यांनींच घ्यावी. पावसाळ्यांत भट्ट्या बंद पडतात व कुटुंबें पाड्यावर परततात. या कामास तोच हंगाम बरा.