राघूची कैफियत

अर्थ न समजतां जो पाठ म्हणतो त्याच्या बोलण्यास आपण ‘पोपटपंची’ म्हणतों. परंतु ज्या संस्कृत ग्रंथाच्या नांवावरून मराठींत दीर्घ कथेस ‘कादंबरी’ हें नांव रूढ झालें, त्या बाणभट्टाच्या ग्रंथांत राजसभेपुढें कथा सांगणारा पोपटच आहे. आणि तो जें बोलतो तें पूर्ण समजून बोलतो. एकीकडे ही थट्टा आणि दुसरीकडे हा सन्मान! पाळीव पोपटाचा इतिहास या दोहोंच्या मधला आहे. त्याची हकीकत आज श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

आरंभ धाराशिव जिल्ह्यांतील तेर या गांवापासून करूं. तेरणेच्या कांठचें हें गांव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचा उल्लेख आहे. तेथून जाडेंभरडें कापड व मलमल गाड्यांवर लादून भडोच बंदरास जात असे. या मालांत पोपटाचें नांव नाहीं. तेव्हां तेरचा राघू रोमला पोंचला, असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं. परंतु त्याच शतकांत रोममधील श्रीमंतांच्या घरीं हिंदुस्थानचा पोपट बोलत होता, हें मात्र निश्चित. प्लिनी या रोमन पंडितानें त्याचें हिरवें अंग आणि मानेवरचें तांबडें कडें यांचें वर्णन केलें आहे. ओव्हिद कवीनें तर प्रेयसीच्या मेलेल्या पोपटावर विलापिका लिहिली. मात्र प्लिनी आणखी एक गोष्ट सहज सांगून जातो. पोपटाचें डोकें चोंचीइतकेंच कठीण असल्यामुळें त्यास बोलावयास शिकवितांना लोखंडी सळईनें मारतात; एरव्हीं त्यास मार जाणवत नाहीं!

आमच्याकडील रीत याहून सौम्य होती. शुकसारिकांना बोलावयास शिकविणें ही वात्स्यायनाच्या कामसूत्रांत चौसष्ट कलांपैकीं एक कला आहे, आणि भोजनोत्तर हाच उद्योग करावा असें नागरकाच्या दिनचर्येंत सांगितलें आहे. आमच्या घरांतूनही हिरवी मिरची, पेरूची फोड अथवा भिजविलेली हरभऱ्याची डाळ चोंचीपुढें धरून तेंच तें नांव पुन्हापुन्हां उच्चारावयाचें, अशीच राघूस पढविण्याची पद्धत होती. सळईपेक्षां डाळीनें राघू लवकर शिकतो, हें आमच्या आज्यांना प्लिनीहून अधिक ठाऊक होतें.

पुढें हाच पोपट गोष्टी सांगूं लागला. परगांवीं गेलेल्या व्यापाऱ्याच्या पत्नीस रोज रात्रीं एक कथा सांगून घरांत थोपवून धरणारा शुक ‘शुकसप्तती’ या संस्कृत ग्रंथांत आहे. तीच कथा मराठींत ‘शुकबहात्तरी’ झाली. चौदाव्या शतकांत नख्शबीनें तिचा फारसी अवतार सिद्ध केला, आणि 1639 च्या सुमारास गोवळकोंड्याच्या गवासीनें दखनींत ‘तूतीनामा’ रचला. 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानांत असलेल्या या जिल्ह्याच्या मराठी व दखनी या दोन्ही बोलींच्या वाङ्मयांत असा हा एकच चतुर पक्षी बसलेला आहे.

परंतु या सर्व कौतुकांत एक प्रश्न कोणीच विचारीत नाहीं: हा पक्षी पिंजऱ्यांत आला कसा?

तो प्रश्न बाणभट्टानें विचारला, आणि उत्तर पोपटाच्याच मुखांतून देवविलें. सातव्या शतकांतील ‘कादंबरी’मध्यें वैशंपायन नांवाचा शुक शूद्रक राजास आपली जन्मकथा सांगतो. पंपा सरोवराच्या कांठीं एका प्रचंड सांवरीच्या ढोलींत त्याचा जन्म झाला. आई प्रसूतींतच गेली. वृद्ध पित्यानें त्यास वाढविलें. एके दिवशीं एक म्हातारा शबर झाडावर चढला. ढोलींत हात घालून त्यानें एकेक पिलूं ओढून काढलें आणि मारून खालीं टाकलें. पित्यानें आपल्या पिलास पंखांखालीं झांकलें. पिता मेला, पिलूं पाचोळ्यावर पडून वांचलें. बाणाचा शबर मांसाकरितां आला होता, पिंजऱ्याकरितां नव्हे. पण ढोलींत शिरणारा हात तोच असतो.

पकडण्याची दुसरी युक्ति ज्ञानेश्वरांनीं नोंदविली आहे. तेरच्या गोरोबाकाकांच्या समकालीन असलेल्या या संतानें ज्ञानेश्वरींत नळीवरच्या शुकाचा दृष्टांत दिला. टांगलेल्या नळीवर पोपट बसतो; त्याच्या भारानें नळी फिरते; तो उलटा होतो आणि भीतीनें नळीस घट्ट धरून ठेवतो. त्याला कोणी बांधलेलें नसतें. पाय सोडले तर तो उडूं शकतो. पण आपण बांधले गेलों, असें त्याला वाटतें. वेदान्ती त्यांतून जीवाचा भ्रम पाहतो. मला मात्र तेथें पारध्याची फिरती नळी दिसते.

मग पकडलेला पक्षी आपल्याशीं बोलतो कां? आधुनिक शास्त्राचें उत्तर मनास चटका लावणारें आहे. पोपट हा थव्याचा पक्षी. थव्यांतील आवाज ऐकून, ते आत्मसात करून, तो आपल्या मंडळींत सामील होतो. पिंजऱ्यांत एकट्या पडलेल्या राघूस थवा उरत नाहीं; म्हणून घरांतील माणसांनाच तो थवा मानतो आणि त्यांचे आवाज उचलतो. आपण जिला पोपटपंची म्हणून हंसतों, ती ‘मला तुमच्यांत घ्या’ अशी त्याची विनवणी आहे.

ही कैफियत कायद्यानें उशिरां कां होईना ऐकली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आणि 1990-91 मधील व्यापारबंदीनें या देशाच्या रानपोपटांची खरेदीविक्री थांबविली. ते पकडणें व पाळणें आतां गुन्हा आहे. तरीही ज्यांच्या घरीं असा राघू आहे त्यांनीं एके सकाळीं पिंजऱ्याचें दार उघडून मोकळें होऊं नये. माणसाच्या हातून वाढलेल्या पक्ष्यास दाणा शोधणें येत नाहीं, शत्रू ओळखतां येत नाहीं. त्यास वन विभागाच्या स्वाधीन करणें हाच योग्य मार्ग.

धाराशिवच्या शेतकऱ्याचें राघूशीं नातें निराळें. ज्वारीच्या कणसांवर थवा उतरला कीं तो गोफण फिरवितो. त्याचें नुकसान खरें आहे, त्याचा रागही खरा आहे. तथापि तेर ज्यांच्या राज्यांत होतें त्या सातवाहनांच्या काळापासून ज्या ‘गाथासप्तशती’ची परंपरा सांगतात, तिच्या एका गाथेंत आकाशांतून उतरणारा पोपटांचा थवा गगनलक्ष्मीच्या गळ्यांतून ओघळलेल्या पाचू-माणकांच्या हारासारखा दिसला आहे. शेताच्या बांधावरील एखादें जुनें, पोकळ झाड तोडावयाचें राहिलें, तर तो हार पुढेंही उतरेल. राघू पाळण्याची याहून चांगली रीत मला ठाऊक नाहीं.